वाचकांचे प्रश्न : कंटेनरमधल्या वर्गाविषयी

मागील अंकात ठाण्याच्या तीन हात नाक्यावर, उड्डाणपुलाखाली चालणाऱ्या सिग्नल शाळेची छोटीशी माहिती या सदरात दिली होती. सिग्नलला थांबलेल्या गाड्यांपुढे गजरे आणि खेळणी विकणाऱ्या मुलांसाठी तेथे जहाजावरच्या मालवाहू कंटेनरमध्ये वर्ग भरवले जातात, एवढाच त्या मजकुराचा आशय होता. त्यावर बरीच पत्रे आली. काही वाचकांना असेच काम आपल्या परिसरात सुरू करायचे आहे, काहींना व्यावहारिक शंका आहेत, तर काहींना ही कल्पनाच पसंत नाही. इमारतींचे बांधकाम आणि शाळाबाह्य मुलांचे वर्ग या दोन्ही क्षेत्रांशी माझा संबंध असल्यामुळे संपादकांनी ही उत्तरे लिहिण्याचे काम माझ्याकडे सोपवले. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि सारख्या विषयांवरची पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या भागात रस्त्याच्या दोन्ही अंगांना कंटेनरची यार्डे आहेत. यार्डावर आणि वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या कुटुंबांची मुले दिवसभर ट्रेलरच्या आसपास खेळत असतात. एखादा जुना कंटेनर घेऊन त्यात या मुलांचा अभ्यासवर्ग सुरू करावा, असा आमच्या महिला मंडळाचा विचार आहे. कंटेनर घेताना काय पाहावे? (उरण)

न्हावा शेवाचे बंदर १९८९ साली सुरू झाले, त्यामुळे कंटेनर ही वस्तू उरणकरांना मी नव्याने सांगावी अशी नाही. परंतु माल ठेवायला चांगला असलेला कंटेनर मुलांना बसवायला चांगला असतोच असे नाही, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देतो.

सर्वप्रथम दाराजवळ जा. दाराच्या बाहेरच्या अंगाला रिव्हेटने ठोकलेली एक धातूची पाटी असते. कंटेनर कधी बांधला, त्याचा ओळख क्रमांक कोणता, तो जास्तीत जास्त किती वजन पेलू शकतो आणि त्याच्यावर किती भार रचता येतो, ही माहिती तिच्यावर कोरलेली असते. तिच्यावरच बहुधा आणखी एक ओळ सापडते, ती लाकडाला कोणते रसायन पाजले आहे याची. कंटेनरची जमीन साधारण २८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडची असते आणि वाळवी व किडे एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणून त्या प्लायवुडला कीटकनाशक दिलेले असते. मालाला त्याची बाधा नसते. आपली मुले मात्र त्याच जमिनीवर मांडी घालून बसणार, खाऊ सांडणार आणि सांडलेला उचलून तोंडात टाकणार. म्हणून ते प्लायवुड काढून टाकून नवी जमीन घालावी हेच उत्तम. तेवढे पैसे नसतील तर निदान त्यावर इपॉक्सीचा अखंड थर देऊन वर व्हिनाइलची चटई पक्की चिकटवावी. कंटेनरमधून पूर्वी कोणता माल गेला, हे जुन्या कंटेनरच्या बाबतीत विक्रेत्यालाही सहसा सांगता येत नाही. आत शिरल्यावर औषधासारखा किंवा तेलकट वास आला तर तो कंटेनर कितीही स्वस्त मिळत असला तरी घेऊ नका. मालाची एकच फेरी करून विक्रीला आलेला, ज्याला बाजारात ‘वन ट्रिप’ म्हणतात, तसा कंटेनर महाग पडतो, पण मुलांसाठी तोच घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर आत उभे राहा आणि बाहेरच्या व्यक्तीला कडी न लावता दार फक्त लोटून घ्यायला सांगा. डोळे अंधाराला सरावले की छतात आणि भिंतींत जिथे भोके पडली असतील तिथे उजेडाचे ठिपके दिसू लागतात. पावसाळ्यात तिथूनच पाणी गळणार हे समजावे. छताला खोलगट पोचे असतील तर त्यात पाणी साचून गंज धरतो. खाली वाकून तळाच्या आडव्या लोखंडी पट्ट्याही पाहा, कारण वरून रंगवलेला कंटेनर तळातून पोखरलेला असू शकतो आणि रंगाच्या नव्या हातावर विश्वास ठेवून अनेकांची फसगत होते.

आकाराचा हिशेब आधीच करून ठेवणे आवश्यक आहे. २० फुटी कंटेनर आतून सुमारे ५.९ मीटर लांब आणि २.३५ मीटर रुंद, म्हणजे १४ चौरस मीटरपेक्षा किंचित कमी असतो. ४० फुटी कंटेनरचे क्षेत्र सुमारे २८ चौरस मीटर भरते. दर मुलामागे किमान १ चौरस मीटर जागा असावी, हे सीबीएसईचे माप धरले आणि भिंतींचे अस्तर, फळा, कपाट व शिक्षिकेची जागा वजा केली, तर २० फुटी कंटेनरमध्ये १० मुले नीट बसतात, १२ दाटीने बसतात आणि त्यापुढे कोंडवाडा होतो. ४० फुटी कंटेनरमध्ये संख्या वाढते, पण वर्ग बोळासारखा लांबट होऊन मागच्या मुलांना फळा दिसत नाही. पैसे आणि जागा असेल तर दोन कंटेनर शेजारी शेजारी ठेवून मधल्या भिंती काढाव्यात. खोलीला रुंदी आली की तिला वर्गाचे रूप येते. मात्र हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सल्ल्याशिवाय करू नये. कंटेनरचा भार त्याच्या चार कोपऱ्यांच्या खांबांवर असतो, हे खरे असले तरी त्याचा ताठपणा त्या नागमोडी पत्र्याच्या भिंतींत असतो. भिंत कापली की छत लवते आणि चौकट कलते. प्रत्येक खिडकीच्या आणि दाराच्या भोवती लोखंडी चौकट जोडून तो गेलेला ताठपणा परत द्यावा लागतो.

आता दाराविषयी, कारण मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. कंटेनरचे दार बाहेरून कड्यांच्या लांब दांड्यांनी बंद होते आणि आतून ते उघडण्याची सोय नसते. या दांड्या पहिल्याच दिवशी गॅस कटरने कापून टाकाव्यात. मुलांच्या ये-जा करण्यासाठी लांबीच्या भिंतीत साधे, बाहेर उघडणारे दार करावे आणि विरुद्ध टोकाला दुसरे दार ठेवावे. कुंभकोणमच्या शाळेत १६ जुलै २००४ रोजी लागलेल्या आगीत ९४ मुले गेली, तेव्हापासून शाळेच्या खोलीला दुसरी वाट असणे ही गोष्ट वाटाघाटीची राहिलेली नाही. विजेचेही तसेच आहे. संपूर्ण खोलीच लोखंडाची असल्यामुळे अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा ब्रेकर यांच्याशिवाय एकही दिवा लावू नये.

कंटेनर थेट मातीवर टेकवू नका. कोपऱ्यांखाली आणि मध्ये काँक्रीटचे ठोकळे घालून तो जुलैच्या पाण्याच्या पातळीच्या वर उचला आणि चढायला पायऱ्यांबरोबर उतारही करा. १ फूट उंचीसाठी १२ फूट लांबीचा उतार लागतो. पोलिओने किंवा अपघाताने पाय गेलेले मूल आपल्या वस्तीत आज दिसत नसले तरी ते नाही असे समजू नये. अनेकदा ते घरातून बाहेरच आणलेले नसते.

प्रश्न : सिग्नल शाळेचे कौतुक वाचून वाईट वाटले. सुखवस्तू मुलांना इमारती आणि गरिबांच्या मुलांना लोखंडी पेटी, ही विभागणी आपल्याला मान्य आहे का? जवळच महापालिकेच्या शाळा असताना पुलाखाली शाळा कशासाठी? (ठाणे)

ही विभागणी मला मान्य नाही. तरीही तीन हात नाक्यावरचे काम मला महत्त्वाचे वाटते आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे सांगण्याचा प्रयत्न करतो.

आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यात आहे. पुलाखाली राहणारी बहुसंख्य कुटुंबे मराठवाड्याच्या दुष्काळी भागांतून आलेली, त्यांतली बरीच पारधी समाजाची. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांत पारधीही होते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण शिक्का लोकांच्या नजरेतून गेला नाही. अशा घरातले मूल महापालिकेच्या शाळेच्या दारात गेले तर त्याच्याकडे जन्माचा दाखला नसतो, राहण्याच्या पत्त्याचा पुरावा नसतो, अंगाला पाणी लागून दिवस झालेले असतात आणि घरात बोलली जाणारी भाषा बाईंच्या मराठीपेक्षा वेगळी असते. शेजारी बसलेले मूल नाक मुरडून सरकते. त्यातच सकाळी ९ ते ११ आणि संध्याकाळी सिग्नलला गाड्यांची रांग सर्वांत मोठी असते. म्हणजे घरच्या मिळकतीची वेळ आणि शाळेची वेळ एकच. शाळा अर्ध्या किलोमीटरवर असूनही मूल तिथवर पोहोचत नाही ते याच कारणांनी.

अशा वेळी मुलाला शाळेपर्यंत ओढत नेण्यापेक्षा शाळेने मुलाकडे जावे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर हेच केले. बालवाडीत मुले येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी अंगणवाडी वस्तीच्या अंगणात नेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर विधायक संसद या संस्थेने चालवलेल्या भोंगा शाळा (भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुरांची झोपडी) त्याच वाटेवरच्या. समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेने ठाणे महापालिकेच्या सहकार्याने २०१६ मध्ये तीन हात नाक्यावर वर्ग सुरू केला, तेव्हा तिने याच परंपरेत एक पाऊल पुढे टाकले, असे मी मानतो. पुलाखाली पक्के बांधकाम करणे योग्य नाही, कारण ती जागा पुलाची आहे आणि देखभालीसाठी केव्हाही मोकळी करून द्यावी लागू शकते. पाया न खणता ठेवता येणारी, कुलूप लागणारी, पावसात न भिजणारी खोली हवी होती आणि ती गरज कंटेनरने भागवली. २०१८ मध्ये या शाळेतून दोन मुले दहावी उत्तीर्ण झाली. संख्या लहान वाटेल, पण ज्या कुटुंबांत शाळेचे तोंड कोणी पाहिलेले नव्हते तिथली ती दोन मुले आहेत.

तिथे फरक पडला तो पत्र्याने पडला नाही, हे आपण लक्षात घ्यावे. मुलाला आल्याबरोबर आंघोळ, स्वच्छ कपडे, पोटाला खायला आणि त्यानंतर अक्षरे, हा क्रम कोणीतरी रोज न कंटाळता पाळला म्हणून ते घडले. ज्या बाईंनी मुलाच्या डोक्यातल्या उवा काढल्या त्यांच्याकडेच ते बाराखडी शिकायला बसते. सर्व छायाचित्रांत रंगवलेला कंटेनर दिसतो आणि नळ, मोरी, टॉवेलांची रांग दिसत नाही, याची मला खंत वाटते; कारण छायाचित्र पाहून जे लोक अनुकरण करतात ते कंटेनर आणतात आणि मोरी विसरतात.

आता आपल्या मूळ आक्षेपाकडे येतो. ज्या जागेवर इमारत उभी राहूच शकत नाही, किंवा इमारत होईपर्यंत मुलांची वर्षे वाया जाणार आहेत, तिथे कंटेनर न्याय्य आहे. तेलंगणात मुलुगू जिल्ह्यातल्या एका जंगलवस्तीत २०२४ मध्ये कंटेनरची शाळा ठेवली गेली, कारण वनखात्याच्या जमिनीवर पक्के बांधकाम करता येत नव्हते आणि मुले मोडक्या झोपडीत शिकत होती. याउलट जिथे जमीन आहे, निधी आहे आणि शाळा बांधण्याचे कायदेशीर कर्तव्यही आहे, तिथे इमारतीऐवजी कंटेनर ठेवून जबाबदारी संपल्याचे जाहीर करणे हा मुलांवरचा अन्याय आहे आणि तिथे आपला राग अगदी रास्त आहे. मी प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारतो : या खोलीतून बाहेर पडून नेहमीच्या शाळेत जाण्याची वाट आखलेली आहे का? गेल्या वर्षी यांतली किती मुले चार भिंतींच्या शाळेत गेली आणि तिथे टिकली, हे जिथे नावानिशी सांगता येते तिथे कंटेनर हा जिना आहे. सांगता येत नसेल, तर वेगळ्या वस्तीची वेगळी शाळा तयार झाली आहे आणि ती आपल्याला नको.

प्रश्न : आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत जातो. लोखंडी डब्यात मुले बसवणे शक्य तरी आहे का? एसी बसवावा का? (अकोला)

कंटेनर जसा येतो तसा ठेवला तर शक्य नाही. भिंतीचा पत्रा दीड-दोन मिलिमीटरचा असतो. विटांची किंवा दगडाची भिंत दुपारची उष्णता स्वतःत साठवून ठेवते आणि ती आत यायला वेळ लावते. पत्रा मात्र ऊन पडताच तापतो आणि ती उष्णता तशीच आत फेकतो. सकाळी साडेदहापर्यंत बरी वाटणारी खोली बाराला असह्य होते.

उपाय आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिला उपाय सावलीचा. कंटेनरच्या छतापासून हातभर अंतर सोडून वर दुसरे छप्पर घालावे आणि ते चारही बाजूंनी, विशेषतः दक्षिण व पश्चिमेला, चांगले पुढे काढावे. ऊन वरच्या छपरावर पडते, मधल्या पोकळीतून वारा वाहतो आणि खालचा पत्रा सावलीत राहतो. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळ व्हिसर्सहोक येथे शेतमजुरांच्या मुलांच्या प्राथमिक शाळेत १२ मीटर लांबीच्या जुन्या कंटेनरचा वर्ग अशाच मोठ्या छपराखाली उभारला आहे. सकाळी तिथे पाच-सहा वर्षांच्या २५ मुलांचा वर्ग भरतो आणि दुपारनंतर तेच शाळेचे वाचनालय होते. पुढे आलेल्या छपराखाली मुलांना बसायला आणि खेळायला जागा मिळते, त्यामुळे लहान कंटेनरची अडचणही कमी होते. ठाण्याच्या शाळेला ही सावली उड्डाणपुलाने आयतीच दिली आहे. म्हणून तिथे चालले ते अकोल्याच्या उघड्या मैदानात तसेच चालेल, असे समजणे धोक्याचे आहे.

दुसरा उपाय समोरासमोरच्या खिडक्यांचा. लांबीच्या दोन्ही भिंतींत, मुलांच्या बसण्याच्या उंचीपासून सुरू होणाऱ्या खिडक्या ठेवाव्यात आणि गरम हवा निघून जाण्यासाठी वर, छताला लागून झरोके असावेत. तिसरा उपाय बाहेरून पांढरा रंग देण्याचा. हा सर्वांत स्वस्त आहे आणि दर दोन वर्षांनी पुन्हा करावा लागतो. उष्णतारोधक अस्तराचा क्रमांक त्यानंतर येतो. या ठिकाणी फोमच्या पॅनेलचा आग्रह विक्रेते धरतात, पण तो फोम पेटला की विषारी धूर होतो आणि तोही लहानशा बंद खोलीत. रॉकवूल म्हणजे दगडापासून केलेली लोकर थोडी जाड लागते, भिंतींची रुंदी खाते, तरी ते जळत नाही. मुलांच्या खोलीत मी दुसरे काही घालणार नाही. पावसाचा पत्र्यावरचा आवाजही त्याने आणि वरच्या छपराने बराच कमी होतो. हा आवाज क्षुल्लक समजू नये, कारण जोराच्या सरीत शिक्षिकेचे बोलणे पहिल्या ओळीलाही ऐकू जात नाही. आणखी एक सूचना अशी की साध्या कंटेनरची आतली उंची २.३९ मीटर असते आणि अस्तरानंतर ती आणखी कमी होते, त्यामुळे छताचा पंखा लावू नये. हात वर केलेल्या मोठ्या मुलाला तो लागेल. जाळीचे भिंतीवरचे पंखे घ्यावेत आणि शक्य असल्यास फूटभर अधिक उंचीचा ‘हाय क्यूब’ कंटेनर निवडावा.

एसीबद्दल एवढेच सांगतो की सावली नसलेल्या कंटेनरला एसी लावणे म्हणजे वीजबिल भरता येईल तोवरच शाळा चालवणे होय. मेच्या दुपारी आपल्याकडे वर्ग भरवूच नये. सकाळी ७ ते १० हीच वेळ ठेवावी.

कोकणातल्या दोन वाचकांनी याच संदर्भात विचारले आहे. त्यांच्याकडे उष्म्यापेक्षा दमट हवेचा त्रास अधिक. रात्री पत्रा गार झाला की आतून पाणी सुटते, भिंतीवरचे तक्ते कुजतात आणि अस्तराच्या मागे बुरशी धरते. कंटेनरचे पोलाद गंजाला तोंड देणारे असले तरी खाऱ्या, सतत ओल्या हवेत ते फार काळ टिकाव धरत नाही. खिडक्यांसाठी कापलेल्या कडा तर पहिल्याच पावसाळ्यात गंजतात. कडांना लगेच प्रायमर द्यावा आणि झरोके पावसाळ्यातही उघडे राहतील असे पत्र्याच्या आडोशाने झाकावेत.

प्रश्न : आमच्या साखर कारखान्याच्या कामगारांनी वर्गणी काढून ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी फिरता कंटेनर घ्यायचे ठरवले आहे. टोळी जाईल तिकडे शाळा नेता येईल, अशी कल्पना आहे. (सोलापूर जिल्हा)

आपल्या कामगार बांधवांचे मनापासून अभिनंदन, परंतु कंटेनर फिरता ठेवण्याचा बेत कृपया सोडा. जहाज, बंदर आणि महामार्ग या तिन्ही ठिकाणी तो सहज फिरतो, कारण तिथे क्रेन आणि पक्का रस्ता असतो. रिकामा २० फुटी कंटेनरच सव्वादोन टनांच्या आसपास भरतो. आत अस्तर, जमीन, कपाटे आली की वजन आणखी वाढते. दर वेळी ट्रेलर आणि हायड्रा (चाकांवरची क्रेन) मागवायचा, तो बांधावरच्या कच्च्या रस्त्याने फडापर्यंत न्यायचा आणि सपाट जागा शोधून उतरवायचा, हे एका हंगामात दोनदाही जमणार नाही. शिवाय प्रत्येक उचलीत अस्तर आणि खिडक्यांचे सांधे ढिले होतात. फिरायचेच असेल तर बस चांगली. १९८८ साली मुंबईत सुरू झालेल्या डोअर स्टेप स्कूलने बसमध्ये वर्ग भरवून ते दाखवून दिले आहे.

कंटेनरचा उपयोग आपल्याकडे होईल तो कारखान्याच्या आवारालगत, जिथे मजुरांच्या कोप्या संपूर्ण हंगामभर एकाच जागी असतात तिथे. मात्र त्याआधी एक काम करावे. बीडसारख्या जिल्ह्यांत हंगामी वसतिगृहांची योजना आहे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आईवडील निघाले तरी मूल गावातच राहून शिकू शकते. मुकादमाकडून टोळ्यांची गावे समजून घेऊन, तिथल्या शाळेतल्या शिक्षकांशी हंगामाआधीच बोललात तर काही मुले निघण्यापूर्वीच थांबवता येतील. जी मुले येतीलच, त्यांनी गावच्या शाळेतून शिक्षण हमी पत्रक, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या मुलाच्या शिक्षणाची नोंद असलेले कार्ड, आणले आहे का ते पाहावे. ते असले की इथल्या शाळेत त्यांना त्यांच्या इयत्तेत बसवणे सोपे जाते.

दुसरी गोष्ट माझ्या दृष्टीने कंटेनरपेक्षा मोठी आहे. दहा वर्षांची मुलगी वर्गात येत नाही, कारण पहाटेपासून धाकटे भावंड तिच्या कडेवर असते आणि दुपारची भाकरीही तिलाच थापायची असते. तिला आणायचे तर भावंडालाही आणावे लागेल. बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी १९६९ साली दिल्लीत मोबाइल क्रेशेस सुरू करणाऱ्या मीरा महादेवन यांनी कामाच्या जागीच पाळणाघर नेले, ते याच गरजेतून. तुमच्या कंटेनरचा अर्धा भाग पाळणाघराला द्या, तिथे पगारी बाई नेमा आणि झोळी टांगायला छतात मजबूत कड्या बसवून घ्या. पाळणाघर नसलेल्या साखरशाळेच्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी कारखान्याजवळ भरणाऱ्या शाळेच्या, पटावर मुलींची नावे असतात, वर्गात मुली नसतात.

प्रश्न : आमची कंपनी सीएसआर, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या, निधीतून जिल्हा परिषदेच्या एका शाळेला सजवलेला कंटेनर भेट देणार आहे. शाळेच्या तीन खोल्यांपैकी एकीचे छप्पर पडले आहे. आपले मत काय? (पुणे)

ते छप्पर बांधून द्या. जमीन शाळेची आहे, भिंती उभ्या आहेत, मुले रोज येतात. इथे कंटेनरचे काहीच काम नाही. कंटेनर, त्याचे अस्तर, वरचे छप्पर, पाया, क्रेन आणि वीज यांचा एकूण खर्च काढून पाहिलात तर खोली दुरुस्त करण्याचा खर्च बहुधा कमीच निघेल, शिवाय खोली अधिक मोठी, अधिक गार आणि अधिक टिकाऊ मिळेल. उरलेल्या पैशांतून मुलींच्या स्वच्छतागृहाला पाण्याची टाकी आणि पाच वर्षांच्या देखभालीची तरतूद करावी. भेटवस्तूवर कंपनीचे नाव लागते आणि दुरुस्तीवर लागत नाही, ही अडचण असेल तर मुख्याध्यापकांना सांगा. ते आनंदाने भिंतीवर नाव लिहून देतील.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. बांधकामाच्या जागी कंटेनरमध्ये वर्ग चालवते. २० मुले येतात. त्यांना दाखला, परीक्षा, पुढची इयत्ता हे सर्व मिळेल का? अधिकारी विचारतील की ही शाळा आहे का, तर काय सांगावे? (नाशिक)

शाळा आहे असे सांगू नका, कारण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १८ व्या कलमानुसार मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही आणि मान्यतेसाठी लागणारे मैदान, मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे, स्वयंपाकघर हे सर्व एका कंटेनरला शक्य नाही. आपला वर्ग हा शाळेत जाण्यापूर्वीच्या तयारीचा आणि शाळेत गेल्यानंतरच्या आधाराचा वर्ग आहे, असे सांगा आणि तो तसाच चालवा.

मुलांची नावे जवळच्या महापालिका शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये घालून घ्या. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे १४ वे कलम सांगते. नऊ वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवण्याचे कारण नाही. ४ थ्या कलमाप्रमाणे त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळते आणि वयाची १४ वर्षे उलटली तरी आठवी पूर्ण होईपर्यंत मोफत शिकता येते. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देण्याची जबाबदारी ९ व्या कलमाने स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे, तेव्हा आपण अर्ज करताना उपकार मागत नाही आहात. जी मुले वयाने फारच मोठी आहेत, त्यांच्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसण्याची वाट आहे, परंतु ती अखेरची समजावी.

प्रवेशाचा अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. प्रत्येक मुलाची एक वही ठेवा. तिच्यात मूळ गाव, आईवडिलांची नावे, आधीची शाळा असल्यास तिचे नाव, तसेच आज त्याला काय वाचता येते आणि कोणती गणिते येतात हे लिहा. बांधकाम संपून कुटुंब दुसऱ्या शहरात निघाले की त्या वहीची एक प्रत आईच्या हातात द्या आणि शाळेतून बदलीचा दाखला त्याच आठवड्यात मागून घ्या. दाखल्याला उशीर झाला तरी नव्या शाळेला प्रवेश थांबवता येत नाही, हे ५ व्या कलमात आहे. तेवढा मजकूर मराठीत छापून वहीच्या मागच्या पानावर चिकटवावा, म्हणजे आईला नव्या शहरातल्या शाळेत तो दाखवता येईल. नाशिक महापालिकेच्या शिक्षण विभागात शाळाबाह्य मुलांचे काम ज्यांच्याकडे आहे त्यांना भेटा आणि त्या परिसरातल्या शाळांत बालरक्षक म्हणून, म्हणजे शाळाबाह्य मुलांना शाळेत आणण्याचे, काम करणारे शिक्षक कोण आहेत ते विचारा. प्रवेशाच्या वेळी मुलाबरोबर असा एखादा शिक्षक असला तर पुष्कळ अडचणी तिथल्या तिथे सुटतात.